अनिश्चितता तत्त्व: मोजताना बसणारा धक्का, की अवस्थेचाच गुणधर्म?

सदाफुली:

बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षासाठी अनिश्चितता तत्त्वावर (कणाचं स्थान आणि संवेग या दोन्हींचा पसारा एकाच वेळी हवा तितका कमी करता येत नाही) टिपण तयार करते आहे. हाताशी असलेली चार पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून इथे विचारते.

१) गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाचं उदाहरण देऊन पुस्तकं सांगतात की इलेक्ट्रॉन बघायचा तर त्याच्यावर फोटॉन आदळवावा लागतो, त्या धक्क्याने संवेग बदलतो, म्हणून अनिश्चितता. दोन पानं उलटली की तरंगफलनाचं (कणाची अवस्था सांगणाऱ्या फलनाचं) प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) घेऊन तेच तत्त्व सिद्ध केलेलं असतं, आणि त्या सिद्धतेत ना फोटॉन आहे ना धक्का. मग नेमका अर्थ कोणता धरायचा?

२) सूत्राच्या उजव्या बाजूला एका पुस्तकात एच (प्लांकचा स्थिरांक) आहे, एकात एच-बार (एच भागिले २ × पाय), उरलेल्या दोघांत एच-बार/२. विद्यार्थी विचारतात, बरोबर कोणतं?

३) एका फटीच्या विवर्तनासाठी विद्यार्थ्यांनी संगणकावर संवेगाचं प्रमाण विचलन काढलं. ग्रिड बारीक केली की आकडा वाढतो, आणखी बारीक केली की आणखी वाढतो. प्रोग्रॅम चुकलाय का?

४) ऊर्जा आणि काळाच्या सूत्रातला काळ म्हणजे कोणता काळ? 'कण थोड्या वेळासाठी ऊर्जा उसनी घेतो' असं लिहावं का?

लोकप्रिय लेखातली भाषा नको. वर्गात फळ्यावर मांडता येईल असं उत्तर हवं आहे.

---

लोलक:

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून फक्त त्याच्याबद्दल लिहितो.

एकाच नावाखाली दोन निराळी विधानं शिकवली जातात. पहिलं विधान अवस्थेबद्दल आहे, दुसरं मोजणीबद्दल. तुमच्या पुस्तकातली सिद्धता पहिल्याची आणि सूक्ष्मदर्शकाचं चित्र दुसऱ्याचं. दोघांची सांगड घालायला गेलं की विद्यार्थी अडकतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

पहिलं विधान प्रयोगाच्या रूपात मांडा. इलेक्ट्रॉनचा एक स्रोत आहे आणि तो प्रत्येक इलेक्ट्रॉन अगदी एकाच पद्धतीने तयार करतो. असे १०,००० इलेक्ट्रॉन घ्या. पहिल्या ५,००० वर फक्त स्थान मोजा आणि त्यांचा हिस्टोग्राम काढा. उरलेल्या ५,००० वर फक्त संवेग मोजा आणि त्यांचा दुसरा हिस्टोग्राम काढा. प्रत्येक हिस्टोग्रामचं प्रमाण विचलन काढून दोघांचा गुणाकार करा. स्रोत कसाही बनवा, हा गुणाकार एच-बार/२ च्या, म्हणजे ५.२७×१०^−३५ ज्यूल-सेकंदाच्या खाली येत नाही.

आता बघा, यात कुठल्याही इलेक्ट्रॉनवर दोन मोजण्या झालेल्याच नाहीत. ज्याचं स्थान मोजलं त्याचा संवेग कोणी मोजला नाही. एका मोजणीने दुसरी बिघडवली असं म्हणायला इथे जागाच नाही. उपकरणाची अचूकताही आड येत नाही. प्रत्येक वाचन हिस्टोग्रामच्या रुंदीपेक्षा हजारपट बारीक घ्या, चालेल. उपकरण ढोबळ असेल तर त्याची त्रुटी वर्गांच्या बेरजेने वर मिळवली जाते आणि गुणाकार वाढतो. तो उपकरणाचा हिशोब झाला, या तत्त्वाशी त्याचा संबंध नाही.

रुंदी येते कुठून? तरंगफलनातून. संवेगाचं फलन हे स्थानाच्या फलनाचं फूरिये रूपांतर (तरंगाची निरनिराळ्या तरंगलांब्यांत केलेली फोड) असतं, आणि फूरियेचा हा नियम तंबोरा जुळवणाऱ्यालाही ठाऊक असतो: दोन तारांत अर्ध्या हर्ट्झचा फरक असेल तर त्यांच्या नादाचं एक पूर्ण आंदोलन ऐकू यायला दोन सेकंद लागतात. तार छेडून लगेच दाबली तर फरक कळणारच नाही, कान कितीही तयार असला तरी. काळात आखूड ते वारंवारतेत पसरट. इथवर सगळं अभिजात तरंगांचं गणित आहे. क्वांटम मेकॅनिक्सने त्यात घातलेली गोष्ट म्हणजे द ब्रॉयचं समीकरण: संवेग म्हणजे एच भागिले तरंगलांबी. त्यामुळे तरंगलांबीतला पसारा हाच संवेगातला पसारा ठरतो.

आता इतिहास, कारण पुस्तकातली गल्लत तिथून आली आहे. हायझेनबर्गचा १९२७ चा निबंध सूक्ष्मदर्शकाचाच होता, आणि त्यातलं सूत्र अंदाजाच्या पातळीवरचं होतं. प्रमाण विचलनाचं काटेकोर सूत्र त्याच वर्षी केनार्डने दिलं. १९२९ मध्ये रॉबर्टसनने ते कुठल्याही दोन राशींसाठी मांडलं, १९३० मध्ये श्रोडिंजरने त्यात सहविचलनाचं पद घातलं. सूक्ष्मदर्शकाच्या युक्तिवादात बोरने काढलेली खोटही वर्गात जरूर सांगा. फोटॉनच्या धक्क्याने संवेग बदलतो एवढं म्हणून भागत नाही. फोटॉन नेमका कुठल्या दिशेने बाहेर पडला हे कळलं तर धक्का किती बसला ते कॉम्प्टनच्या सूत्राने काढता येईल आणि वजा करता येईल. ते जमत नाही, कारण भिंग एका शंकूतला सगळा प्रकाश गोळा करतं आणि फोटॉन त्या शंकूत कुठून आला ते सांगत नाही. शंकू अरुंद केला तर दिशा कळेल, पण प्रतिमा पसरट होईल. हायझेनबर्गने हा मुद्दा निबंधाच्या शेवटी जोड म्हणून घातला.

दुसरं विधान, म्हणजे मोजणीतली त्रुटी आणि मोजणीने होणारा बिघाड यांचं नातं, हा आजही अभ्यासाचा विषय आहे. २००३ मध्ये ओझावाने दाखवलं की त्याने केलेल्या व्याख्यांनुसार 'त्रुटी × बिघाड' हा एकटा गुणाकार एच-बार/२ च्या खाली जाऊ शकतो. त्यात 'त्रुटी × संवेगाचं विचलन' आणि 'स्थानाचं विचलन × बिघाड' ही दोन पदं मिळवली की मगच मर्यादा पाळली जाते. २०१२ मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनच्या स्पिनवर (कणाच्या अंगभूत कोनीय संवेगावर) आणि टोरांटोत फोटॉनवर हे तपासलं गेलं. पुढच्या वर्षी बुश, लाहती आणि वेर्नर यांनी त्रुटी आणि बिघाड यांची वेगळी व्याख्या घेऊन साधं गुणाकाराचं सूत्रही सिद्ध केलं. दोन्ही सिद्धता आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत. 'हायझेनबर्ग खोटा ठरला' असे मथळे तेव्हा आले, त्यांचा पहिल्या विधानाशी काडीचाही संबंध नव्हता.

टिपणात आधी हिस्टोग्राम, मग सिद्धता, आणि सूक्ष्मदर्शक सगळ्यात शेवटी वेगळ्या शीर्षकाखाली, असा क्रम लावा.

---

कोकणकडा:

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मूळ एकच. 'रुंदी' कशाला म्हणायचं ते पुस्तकं सांगत नाहीत.

दोन्ही रुंद्या प्रमाण विचलनाच्या असतील तर मर्यादा एच-बार/२, आणि ती गाठणारं तरंगफलन फक्त गाऊसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचं. बाकी सगळ्यांचा गुणाकार जास्त असतो. कठोर भिंतींच्या पेटीतल्या सर्वांत खालच्या अवस्थेत ०.५६८ एच-बार, हायड्रोजनच्या मूळ अवस्थेत एका अक्षापुरता ०.५७७ एच-बार, सरल आवर्ती दोलकाच्या क्रमांक न च्या अवस्थेत (न + १/२) एच-बार. हे आकडे विद्यार्थ्यांकडून काढून घ्या, 'पेक्षा मोठं किंवा बरोबर' या चिन्हाचा अर्थ त्यातून पक्का होतो.

नुसता एच-बार वापरतात तो अंदाजासाठी. हायड्रोजनमध्ये संवेग = एच-बार/त्रिज्या धरून एकूण ऊर्जा किमान केली की ०.५२९ अँगस्ट्रॉम आणि −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. तिथे एच-बार/२ घातला तर त्रिज्या चौथाई होते आणि ऊर्जा −५४.४. म्हणजे उत्तर तंतोतंत येण्यात गुणक सोयीचा निवडल्याचा मोठा वाटा आहे. ही अणूच्या आकाराची सिद्धता नाही, हे त्याच तासाला सांगायला हवं.

आणि एच येतो तो फटीच्या प्रयोगातून. तिथे स्थानाची रुंदी म्हणजे फटीची पूर्ण रुंदी, आणि संवेगाची रुंदी म्हणजे मध्यापासून पहिल्या काळ्या पट्ट्यापर्यंतचं अंतर. गुणाकार बरोबर एच येतो, कारण व्याख्याच तशी घेतली आहे.

प्रत्यक्ष आकडे असे. हेलियम-निऑन लेसर, ६३२.८ नॅनोमीटर. फट ०.१ मिलिमीटर, पडदा २ मीटरवर. पहिला काळा पट्टा मध्यापासून १२.७ मिलिमीटरवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पहिल्या काळ्या पट्ट्यांमधलं अंतर २५.३. फट निम्मी केली की हे अंतर ५०.६ होतं. फोटॉनचा संवेग १.०५×१०^−२७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, त्याचा आडवा घटक पहिल्या काळ्या पट्ट्यापाशी ६.६×१०^−३०. त्याला १०^−४ मीटरने गुणा, एच हातात येतो.

प्रयोग बिघडतो तो बहुधा पुढच्या कारणांनी. तेजस्वी पट्टीच्या कडेपासून मोजायला गेलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, कारण कड कुठे संपते ते डोळा ठरवतो. नेहमी डाव्या पहिल्या काळ्या पट्ट्यापासून उजव्या पहिल्या काळ्या पट्ट्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा. मोबाइलने फोटो काढून तीव्रता मोजायची असेल तर मधला भाग भाजून निघतो. बाजूची पहिली पट्टी मध्याच्या फक्त ४.७ टक्के तेजस्वी असते. ती फोटोत ३०-४० टक्के दिसत असेल तर मध्य संपृक्त झालाय असं समजा आणि एक्स्पोजर हाताने कमी करा. तिसरी गोष्ट अंतराची. पडदा फटरुंदीचा वर्ग भागिले तरंगलांबी यापेक्षा बराच लांब हवा. ०.१ मिलिमीटरच्या फटीला हे अंतर १६ मिलिमीटर, काही अडचण नाही. फट १ मिलिमीटर केली की तेच १.५८ मीटर होतं, आणि २ मीटरवरचा पडदा पुरेसा दूर राहत नाही. शिवाय साध्या लेसरची शलाकाच मिलिमीटरभराची असते, त्यामुळे एवढी फट ती पूर्ण भरतही नाही. मग विद्यार्थी लिहून आणतात की रुंद फटीला सूत्र लागू पडत नाही.

हाच प्रयोग रेणूंवरही झालाय. २००२ मध्ये व्हिएन्नात सत्तर कार्बन अणूंचे फुलरीन रेणू सुमारे ९०० केल्विनला तापवून फटीतून सोडले, फट ७० नॅनोमीटरपर्यंत अरुंद करत नेली, आणि शलाका सूत्राप्रमाणे पसरत गेली. प्रकाशाचं उदाहरण 'ते तर तरंगच आहेत' म्हणून झटकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे हाताशी ठेवा.

आता तिसरा प्रश्न. तुमच्या विद्यार्थ्यांचा प्रोग्रॅम बरोबर आहे. धारदार कडांच्या फटीसाठी संवेगाचं प्रमाण विचलन खरोखरच अनंत आहे. स्थानाचं विचलन फटरुंदी भागिले १२ चं वर्गमूळ, अगदी सान्त. पण कडेला तरंगफलन एका बिंदूत शून्यावर उडी मारतं, त्यामुळे संवेगाच्या वितरणाची शेपटी संवेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे फार सावकाश, उतरते. विचलन काढताना त्याला पुन्हा संवेगाच्या वर्गाने गुणायचं, म्हणजे बेरीज कधी थांबतच नाही. संगणकावर ती ग्रिडच्या कमाल संवेगाला तुटते. ग्रिडचं अंतर निम्मं केलं की आकडा सुमारे १.४ पट व्हायला हवा. तपासून बघा, वर्गमूळ दोनचा गुणक दिसला तर प्रोग्रॅमला पैकीच्या पैकी गुण द्या.

प्रोग्रॅमची परीक्षा गाऊसियनवर घ्या. एच-बार = १, ग्रिडचं अंतर ०.०५, बिंदू १०२४. विचलन १ हवं असेल तर तरंगफलनाच्या घातांकात −स्थानाचा वर्ग/४ घ्या. अनेक जण /२ घेतात. मग स्थानाचं विचलन ०.७०७ आणि संवेगाचंही ०.७०७ येतं, गुणाकार तरीही ०.५०००, त्यामुळे चूक लपून राहते. म्हणून दोन्ही आकडे स्वतंत्रपणे छापा. संवेगाच्या अक्षावरचं अंतर = २ × पाय × एच-बार / (बिंदूंची संख्या × ग्रिडचं अंतर). फूरियेच्या फंक्शनमधून ऋण संवेग यादीच्या उत्तरार्धात येतात. ते जागेवर न सरकवता सरासरी काढली तर विचलन भलतंच येतं. आणि रूपांतरानंतर संभाव्यतेची बेरीज १ होते का ते परत बघा.

फटीसाठी सान्त आकडा हवाच असेल तर निम्म्या उंचीवरची रुंदी घ्या (कोनात ०.८८६ × तरंगलांबी / फटरुंदी), नाहीतर मधल्या पट्टीत सुमारे ९० टक्के प्रकाश येतो हे विधान वापरा. जरा पुढचं शिकवायचं असेल तर विचलनाऐवजी एन्ट्रॉपी (वितरण किती विखुरलेलं आहे याचं दुसरं माप) घ्या. १९७५ पासून तशी असमानता उपलब्ध आहे आणि फटीच्या बाबतीतही ती दोन्ही बाजूंनी सान्त राहते.

---

आडवाटकरी:

लोलक यांच्या हिस्टोग्रामवरून एक शंका. ५,००० इलेक्ट्रॉनची स्थानं वेगवेगळी आली. मग सरळ असं का म्हणू नये की प्रत्येक इलेक्ट्रॉनला आधीपासून स्वतःचं नेमकं स्थान आणि नेमका संवेग होता, स्रोताने ते प्रत्येकाला निराळे दिले, आणि आपल्याला ते माहीत नव्हते? तशा वाचनात अनिश्चितता आपल्या अज्ञानाची झाली, निसर्गाची नाही. असमानतेच्या सिद्धतेत तरी याला आडकाठी दिसत नाही.

---

लोलक:

बरोबर, एकट्या असमानतेत आडकाठी नाही. 'असमानता सिद्ध झाली, म्हणून कणाला स्थान आणि संवेग एकाच वेळी नसतातच' हा निष्कर्ष पुस्तकात एका ओळीत काढलेला असतो तो घाईचा आहे. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो, आणि तो आहे.

एक पुरावा बीएस्सीच्या गणितात बसतो. सरल आवर्ती दोलकाची मूळ अवस्था घ्या. ऊर्जा मोजली की दर वेळी अर्धा एच-बार-ओमेगा (ओमेगा म्हणजे दोलकाची कोनीय वारंवारता), त्यात पसारा शून्य. आता धरून चला की प्रत्येक कणाला नेमकं स्थान आणि नेमका संवेग आहे, आणि ऊर्जेचं नेहमीचं सूत्र, गतिज अधिक स्थितिज, प्रत्येक कणाला लागू आहे. मग कुठलाही कण अभिजात वळणबिंदूच्या पलीकडे सापडता कामा नये, कारण तिथे नुसती स्थितिज ऊर्जाच अर्ध्या एच-बार-ओमेगापेक्षा जास्त असते. प्रत्यक्षात स्थानाचा हिस्टोग्राम गाऊसियन येतो आणि १५.७ टक्के कण वळणबिंदूंच्या पलीकडे मिळतात. त्या कणांची गतिज ऊर्जा ऋण धरावी लागेल, म्हणजे संवेगाचा वर्ग ऋण. तुम्ही म्हणता ते साधं वाचन इथेच कोसळतं.

यातून सुटायचं तर काहीतरी सोडावं लागतं. बोमने १९५२ मध्ये कणाला नेमकं स्थान ठेवलं आणि ऊर्जेच्या सूत्रात एक जादा क्वांटम विभव घातलं. त्याच्या मांडणीत याच मूळ अवस्थेतला कण चक्क स्थिर उभा असतो, आणि 'संवेगाची मोजणी' आधीपासून असलेली किंमत वाचत नाही, ती किंमत मोजणीच्या ओघात घडते. मांडणी सुसंगत आहे, भाकितंही तीच देते, पण एका कणाची गती दूरच्या दुसऱ्या कणावर तत्क्षणी अवलंबून असते ही किंमत मोजून. ही किंमत टाळता येत नाही हे बेलच्या असमानतेने (दूरच्या कणांवरच्या मोजण्यांतल्या सहसंबंधांवरच्या मर्यादेने) दाखवलं. २०१५ मध्ये डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि बोल्डर इथल्या प्रयोगांनी त्यातल्या मुख्य पळवाटा एकत्र बंद केल्या, आणि २०२२ चं नोबेल अस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना याच वाटेवरच्या कामासाठी मिळालं.

एक बारकावा राहिला. इलेक्ट्रॉनचा संवेग आधी अचूक मोजला, नंतर पडद्यावर त्याचं स्थान अचूक मोजलं, तर मधल्या काळासाठी दोन्ही किमती कागदावर कितीही बारीक लिहिता येतात. हायझेनबर्गने स्वतः हे मान्य केलं होतं. पण त्या जोडीवरून पुढच्या मोजणीचं भाकीत करता येत नाही, कारण शेवटच्या मोजणीने अवस्था बदललेली असते. असमानता पुढच्या मोजण्यांच्या वितरणावर बंधन घालते. 'एकाच वेळी दोन्ही अचूक माहीत असू शकत नाहीत' हे वाक्य इथे अपुरं पडतं. त्याऐवजी 'दोन्हींची वितरणं एकाच वेळी अरुंद असतील अशी अवस्थाच तयार करता येत नाही' असं लिहावं.

---

ऋणभार:

चौथ्या प्रश्नाबद्दल. ऊर्जा-काळाचं सूत्र स्थान-संवेगासारखं दिसतं म्हणून त्याचं जुळं भावंड समजू नका. क्वांटम मेकॅनिक्समध्ये काळ हा ऑपरेटर (मोजता येणाऱ्या राशीचं गणिती रूप) नाही, तो बाहेरच्या घड्याळातला आकडा आहे. त्यामुळे 'काळाचं प्रमाण विचलन' असं काही निघत नाही आणि रॉबर्टसनच्या सूत्रात तो घालता येत नाही.

१९४५ मध्ये मांडेलश्टाम आणि ताम यांनी त्याला नेमका अर्थ दिला. अवस्थेतली कोणतीही एक राशी घ्या. तिची सरासरी तिच्या स्वतःच्या प्रमाण विचलनाएवढी सरकायला जो वेळ लागतो, तो सूत्रातला काळ. म्हणजे ऊर्जेत पसारा कमी असेल तर त्या प्रणालीत काहीही लवकर बदलू शकत नाही. ऊर्जेत पसारा शून्य म्हणजे अवस्था स्थिर. हा काळ ऊर्जा मोजायला लागलेला वेळ नव्हे. थोड्या वेळात ऊर्जा अचूक मोजता येते, हे अहारोनोव्ह आणि बोम यांनी १९६१ मध्ये दाखवलं आहे.

'ऊर्जा उसनी घेणं' लिहू नका. विलग प्रणालीत ऊर्जेचं वितरण काळानुसार बदलतच नाही, त्यामुळे उसनवारी कुठल्या खात्यातून होणार हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर उत्तर नाही.

उदाहरण सोडियमच्या पिवळ्या रेषेचं घ्या. उत्तेजित अवस्थेचं सरासरी आयुष्य १६.२ नॅनोसेकंद. रेषेची निम्म्या उंचीवरची नैसर्गिक रुंदी = १ भागिले (२ × पाय × आयुष्य) = ९.८ मेगाहर्ट्झ. इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, परीक्षेत एच-बार/२ घालून रुंदी काढतात आणि निम्मी आणतात. घातांकी क्षयासाठी 'निम्म्या उंचीवरची रुंदी × आयुष्य = एच-बार' ही समानता आहे, असमानता नाही. शिवाय या रेषेचा आकार लॉरेंट्झियन, त्याचं प्रमाण विचलनही फटीसारखंच अनंत, म्हणून एच-बार/२ ची तुलना मुळातच गैरलागू. दोन, कॉलेजच्या वर्णपटमापकात दिसणारी रुंदी ही नव्हे. ३०० केल्विनलाच डॉप्लर परिणामाने रेषा १.३ गिगाहर्ट्झ पसरते, नैसर्गिक रुंदीच्या शंभरपटीहून जास्त, आणि दिव्यात वाफ त्याहून तापलेली असते. ग्रेटिंगचं स्वतःचं विभेदन याहूनही ढोबळ. नैसर्गिक रुंदी बघायची तर लेसरने डॉप्लर काढून टाकणारी संपृक्त शोषणाची पद्धत लागते.

स्पिनबद्दलही टिपणात दोन ओळी घाला. रॉबर्टसनचं सूत्र तिथे अवस्थेवर अवलंबून असतं आणि कधीकधी काहीच सांगत नाही. स्पिन क्ष-दिशेला पक्का असेल तर क्ष-घटकाचं विचलन शून्य आणि उजवी बाजूही शून्य. 'शून्य मोठं किंवा बरोबर शून्य', झालं. पण त्याच अवस्थेत य-घटकाचं विचलन कमाल, एच-बार/२, असतं आणि सूत्र त्याबद्दल मौन. मासेन आणि उफिंक यांची १९८८ ची एन्ट्रॉपीची असमानता इथे उपयोगी पडते. अर्ध्या स्पिनच्या दोन काटकोनी घटकांच्या एन्ट्रॉपींची बेरीज कुठल्याही अवस्थेत किमान १ बिट. क्वांटम कूटलिपीतल्या सुरक्षिततेच्या सिद्धता आज अशाच असमानतांवर उभ्या आहेत.

---

सदाफुली:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोलकाच्या १५.७ टक्क्यांचं उदाहरण टिपणात जाणारच. आणखी एक विचारते. एकीकडची रुंदी कमी करून दुसरीकडे ढकलायची, हे कुठे प्रत्यक्ष वापरतात का? विद्यार्थ्यांना ही नुसती मनाई वाटते.

---

कोकणकडा:

वापरतात, आणि त्याचा हिंगोली जिल्ह्याशी थेट संबंध आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, पुण्याची आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र) त्यातली एक भागीदार संस्था आहे. अमेरिकेतल्या दोन लायगोंप्रमाणे तिच्याही भुजा ४ किलोमीटरच्या.

तिथे स्थान आणि संवेग यांच्या जागी लेसर प्रकाशाचे दोन घटक असतात, कलेचा (तरंग आवर्तनात कुठे आहे) आणि आयामाचा (तरंगाची उंची). दोघांच्या गोंगाटाच्या गुणाकाराला खालची मर्यादा आहे, पण तो गुणाकार दोघांत कसा वाटायचा यावर बंधन नाही. आरशांच्या अंतरातला बदल वाचतात तो कलेवरून. म्हणून कलेचा गोंगाट दाबायचा आणि आयामाचा वाढू द्यायचा, याला दाबलेला प्रकाश म्हणतात. तो तयार होतो अरैखिक स्फटिकात. ५३२ नॅनोमीटरचा पंप-लेसर दोन आरशांमधल्या स्फटिकातून जातो, त्याच्या एका फोटॉनपासून १०६४ नॅनोमीटरच्या फोटॉनची सहसंबंधित जोडी निघते, आणि हा जवळपास रिकामा प्रकाश व्यतिकरणमापकाच्या बाहेर पडायच्या दारातून उलटा आत सोडतात. एप्रिल २०१९ ला सुरू झालेल्या तिसऱ्या निरीक्षणसत्रात अमेरिकेतल्या दोन्ही वेधशाळांत हे चालू होतं आणि गोंगाट सुमारे ३ डेसिबलपर्यंत खाली आला.

आयामाचा वाढलेला गोंगाट कुठे जातो? आरशांवर. प्रत्येक आरसा ४० किलोचा, पण प्रकाशाच्या दाबातल्या चढउतारांनी तोही हलतो, आणि ते हलणं कमी वारंवारतेला जास्त जाणवतं. म्हणजे शंभर हर्ट्झच्या वर फायदा, काही दशक हर्ट्झला तोटा. यावर उपाय म्हणून २०२३ ला सुरू झालेल्या चौथ्या सत्रात ३०० मीटर लांबीची गाळणी-पोकळी बसवली. दाबलेला प्रकाश आधी तिच्यातून जातो आणि बाहेर येताना कमी वारंवारतेला आयाम दाबलेला असतो, जास्त वारंवारतेला कला.

वर्गात देण्यासाठी हिशोब असा. दाबलेल्या प्रकाशाचा शत्रू म्हणजे प्रकाशाची गळती, कारण गळालेल्या प्रत्येक फोटॉनच्या जागी साधा, न दाबलेला निर्वात गोंगाट मिसळतो. स्फटिकातून १० डेसिबल दाबलेला प्रकाश निघाला, म्हणजे गोंगाटाचं प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) साध्याच्या ०.१. वाटेत १० टक्के गळती झाली तर ०.९ × ०.१ + ०.१ = ०.१९, म्हणजे ७.२ डेसिबल उरले. ३० टक्के गळती झाली तर ०.७ × ०.१ + ०.३ = ०.३७, फक्त ४.३ डेसिबल. आता स्फटिकाकडून १५ डेसिबल काढा आणि गळती ३० टक्केच ठेवा: ०.७ × ०.०३२ + ०.३ = ०.३२, म्हणजे ४.९. स्फटिकावर एवढी मेहनत घेऊन पदरात पडले ०.६ डेसिबल. म्हणूनच तिथले लोक स्फटिकापेक्षा आरशांवरचे लेप, शलाकांची एकमेकींशी जुळणी आणि फोटोडायोडची कार्यक्षमता यांच्या मागे लागलेले असतात. त्याच वेळी आयामाच्या घटकाचं प्रचरण आदर्श स्थितीत १० पट असतं. ३० टक्के गळतीनंतर ते ०.७ × १० + ०.३ = ७.३. दोन्ही प्रचरणांचा गुणाकार ७.३ × ०.३७ = २.७. गळती नसताना तो १ होता, म्हणजे अवस्था मर्यादेवर होती. गळती वाढवत नेली की आधी तो १ च्या वर जातो आणि १०० टक्के गळतीला परत १ वर येतो. कमाल कुठे येते ते विद्यार्थ्यांना शोधू द्या.